उभी बाग उपटू नका, नवी लागवड बदला

काल धुळ्याहून जळगावला येताना एसटीत एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, आम्हाला सी घोकायला लावलंत, आणि आता लिनक्सवालेच रस्ट आणताहेत. आम्ही काय करायचं?" एरंडोलपर्यंत वाद चालला. तो इथं मांडतो, म्हणून पोस्ट जरा लांबलीय.

सीचं खरं दुखणं मेमरीचं. बसचंच घ्या. एकाचं तिकीट पारोळ्यापर्यंतचं. तो उतरला, सीट दुसऱ्याला मिळाली. पण हा जुनाच सीट नंबर धरून परत चढला आणि न बघता बसला, थेट त्याच्या मांडीवर! प्रोग्रामने सोडून दिलेली मेमरी अशीच पुन्हा वापरली जाते, आणि हॅकर नेमका तिथून शिरतो. रस्टचा कंपायलर म्हणजे गाडी सुटण्याआधीच तिकीट तपासणारा खडूस कंडक्टर.

मग 1991 पासूनचा लिनक्सचा सगळा कोड पुन्हा लिहायचा का? अजिबात नाही. टिश्यूकल्चरची रोपं आली म्हणून रावेरात कोणी उभी केळीबाग उपटली नाही. नव्या लागवडीला ती रोपं लावली. गूगलने अँड्रॉइडमध्ये हेच केलं. जुना कोड राहू दिला, नवा जास्तीत जास्त रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिला. सुरक्षेच्या त्रुटींपैकी मेमरीच्या 2019 मध्ये 76 टक्के होत्या, 2024 मध्ये 24 टक्के. जुना कोड वापरून, दुरुस्त होऊन मुरतो. चुका ताज्या कोडमध्येच जास्त.

लिनक्समध्ये रस्ट डिसेंबर 2022 मध्ये, 6.1 आवृत्तीत आलं. 2025 च्या फेब्रुवारीत यावरून जोराचं भांडण झालं. जुन्या मेंटेनरांचा सवाल होता, दोन भाषांचा कोड सांभाळणार कोण? मला हा नुसता हट्ट वाटत नाही. उत्साही पोरगं नोकरी बदलून गेलं की निस्तरायचं जुन्यालाच. लिनस टोरवाल्ड्सने मात्र सांगितलं की रस्टची सक्ती कोणावर नाही, पण दुसरा वापरत असेल तर त्याला अडवायचंही नाही. मला हे पटतं.

आपल्या कॉलेजांतूनही सी काढू नका. पॉइंटरने हात पोळल्याशिवाय रस्टची कटकट कशासाठी ते कळत नाही. पण शेवटच्या वर्षाला विकत आणलेलं 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' किती वर्षं चालवायचं? त्यापेक्षा एक खरा पॅच पाठवू द्या पोरांना. त्यासाठी पुण्यात खोली घ्यावी लागत नाही, ईमेल पुरतो.

एरंडोलला उतरताना त्याने विचारलं, "सर, पहिला पॅच केवढा लागतो?"

म्हटलं, "एका ओळीचाही चालतो."