संगणक शिका, पण कुणाच्या वेळात?

"ग्रंथालयातल्या बाईला संगणक जमत नाही," हे वाक्य दौंड तालुक्यात काम करताना मी वारंवार ऐकते. बोलणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: तिला शिकवले कुणी? आणि शिकण्याच्या वेळेचा पगार दिला कुणी?

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली तयार केली. पुस्तकांची नोंद, देवघेव, सभासदांची यादी, सारे तिच्यात ठेवता येते. सोय चांगलीच आहे. पण 'ड' वर्गाच्या गावग्रंथालयाला अनुदान किती? 2022 साली 60 टक्के वाढ झाली, तेव्हा कुठे ते वर्षाला 48,000 रुपये झाले. म्हणजे महिन्याला 4,000. त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि ग्रंथपालाचा पगार! मग नवे काही शिकायचे ते तिने स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या रिचार्जवर, रात्री भाकऱ्या झाल्यावर.

बाईचे घरातले श्रम मोजायचे नाहीत ही जुनी रीत. आता नोकरीतले शिकणेही त्याच खात्यात टाकले जात आहे.

2021 साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल परत केले, इंग्रजीतल्या पोषण ट्रॅकरला विरोध केला. तो यंत्राला विरोध नव्हता, श्रमांचा हिशोब मागणे होते. ग्रंथालयातल्या बायांनीही तो मागावा. प्रशिक्षण मराठीतून, कामाच्या वेळात आणि पगारी हवे. संगणक आणि इंटरनेट संस्थेचे हवे. मैत्रिणींनो, आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या सभासद व्हा आणि वार्षिक सभेत हा ठराव मांडा.