पत्ता बदलला, गाव तेच

धानोरा तालुक्यातील एखाद्या खेड्यात १९४५ च्या सुमारास जन्मलेली स्त्री आयुष्यात क्वचितच जिल्ह्याबाहेर गेली असेल; परंतु तिचा पत्ता मात्र सारखा प्रवास करीत राहिला. जन्मली तेव्हा ती मध्यप्रांत व वऱ्हाडातील चांदा जिल्ह्याची होती. १९५० मध्ये तिचे राज्य मध्यप्रदेश झाले, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी ती गडचिरोली जिल्ह्याची रहिवासी ठरली. या सर्व काळात तिची चूल मात्र जागची हलली नाही.

मग तिच्या जीवनात बदलले काय? पाहुणा सांगेल : विजेचा खांब आला, डांबरी सडक आली, नातवाच्या हाती मोबाइल आला. हे खोटे नव्हे. कंदिलाच्या उजेडात जेवणे आणि मोहफुले देऊन मीठ-तेल आणण्यासाठी आठवडी बाजारापर्यंत पायपीट करणे, या गोष्टी आता आठवणीत जमा झाल्या आहेत. परंतु खरा पालट पाहावयाचा तर खांबाकडे नव्हे, पाळण्याकडे पाहिले पाहिजे.

पूर्वीचे दिवस चांगले होते, असे म्हातारी माणसे म्हणतात. रान दाट होते, शेजारधर्म होता, हे खरेच. पण त्याच दिवसांत घरोघर तान्ही मुले दगावत आणि आया तो दैवाचा फेरा समजत. बाळाचा श्वास जोरजोराने चालू लागला की ‘डबा’ झाला म्हणत. इस्पितळ दूर, वाटेत पूर आलेली नदी. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने येथे निराळीच वाट धरली. गावातीलच बायकांना तिने शिकविले. कित्येकींना मोठी संख्या मोजता येत नसे. म्हणून त्यांना वाळूचे घड्याळ व मणी असलेले एक साधे साधन दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. घड्याळ संपण्याआधी लाल मणी सरकला की औषध सुरू करावयाचे. पुढे या बायका नवजात बाळ तोलू लागल्या, त्याला उबेत ठेवू लागल्या, प्रसंगी इंजेक्शनही देऊ लागल्या. खेड्यातील बाईच्या हाती सुई द्यावी काय, अशी शंका त्या वेळी पुष्कळांना वाटली. उत्तर आकड्यांनीच दिले. ३९ गावांत पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते सुमारे २५ वर आले. २०११ मध्ये केंद्र शासनाने ही पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपविली.

रानाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या आणि त्यांची राने सरकारच्या ताब्यात गेली. लोकांच्या वाट्याला निस्तार उरला, म्हणजे घरापुरते लाकूड-बांबू घेण्याची सवलत. विकण्याचा हक्क नव्हे. कायद्याच्या लेखी बांबू वृक्ष होता. तो गवताच्या जातीचा आहे, हे टोपली विणणारा मुलगाही जाणत होता. कायद्याला ते उमजावयास २००६ साल उजाडावे लागले! त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. त्याच्या आधारे २००९ मध्ये मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू वाहून नेण्याचा परवाना गावाच्या हाती नव्हता, आणि विकता न येणारा हक्क हा अर्धाच हक्क होय. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेला दिले, तेव्हा तो पुरा झाला.

तेव्हापासून आपल्या रानातील बांबू केव्हा तोडावा, किती राखावा व कोणाला विकावा, याचा निर्णय तेथील ग्रामसभा सर्वांच्या संमतीने घेते. त्या सभेत वृद्ध स्त्रियाही बसतात, आणि कोवळे कोंब तोडण्याची घाई कोणी केली तर त्याला अडविण्याचा अधिकार त्यांनाही असतो.