ढिला रिपीट, पक्का दर: होडीच्या डोलकाठीचं काम घ्यायचं तर असं घ्या



ज्यांच्या हातात आधीच ड्रिल आणि रिव्हेट गन आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. म्हणजे स्लायडिंग खिडक्या, पार्टिशन, साइनबोर्ड करणारी आपली मंडळी. शिडाच्या छोट्या होडीची डोलकाठी, म्हणजे मास्ट, आज बहुतेक वेळा अॅल्युमिनियमच्या पाइपची असते. तिच्यावरच्या स्टीलच्या किंवा इतर फिटिंग पॉप रिव्हेटने बसवलेल्या असतात. हे रिव्हेट (आपल्या भाषेत रिपीट) ढिले झाले की बदलावे लागतात. मुंबईच्या बंदरात, गोव्यात, धरणांच्या पाण्यावर जिथे सेलिंग क्लब आहेत, तिथे हे काम निघतं.

माझं मत आधीच सांगतो. हे काम रिव्हेटच्या नगावर घ्यायचं नाही. आणि गिऱ्हाईक म्हणालं, "दोनच ढिले आहेत, दोनच बदला", तर हात जोडून नाही म्हणायचं. ज्याला हे "नाही" जमत नाही, त्याने या कामात पडू नये.

का, ते बघू.

खिडकी वेगळी, डोलकाठी वेगळी

लेझर नावाची एकट्याने चालवायची होडी घ्या. १९७१ साली ती बाजारात आली, १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आज तिला आयएलसीए म्हणतात. आपला विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन याच प्रकारच्या होडीतून टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकला उतरले. या होडीच्या डोलकाठीला आधाराच्या तारा नसतात. शिडाच्या खालची आडवी काठी, म्हणजे बूम, डोलकाठीला जिथे जोडली जाते ती फिटिंग रिव्हेटवर असते. बूम खाली ओढणारी दोरी, तिला व्हँग म्हणतात, तिची फिटिंगही रिव्हेटवरच. वारा वाढला की खलाशी व्हँग जोरात ताणतो आणि सगळा ताण या मोजक्या रिव्हेटवर येतो.

खिडकीचा रिव्हेट सुटला तर खिडकी खडखडते. इथे सुटला तर भर पाण्यात बूम निखळते आणि माणूस किनाऱ्यापासून लांब अडकतो. अशा होड्यांवर शिकणारी पोरंही असतात, हे विसरू नका.

ढिला रिव्हेट ठोकून घट्ट होत नाही

हातोडी मारून, किंवा शेजारी एक जास्तीचा रिव्हेट मारून भागवणारे पुष्कळ आहेत. पण रिव्हेट ढिला होतो तेव्हा बहुतेक वेळा भोकही झिजलेलं असतं. डोक्याभोवती काळपट डाग दिसले तर समजा, फिटिंग हलते आहे. पांढरी भुकटी दिसली तर अॅल्युमिनियम खाल्लं जातंय. खाऱ्या पाण्यात स्टील आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम गंजतं. एक रिव्हेट ढिला झाला की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो. म्हणून जे दोन "चांगले" दिसतात, ते पुढच्या नंबरात उभे असतात. फिटिंग काढायची तर पूर्ण काढायची, आणि तिचे सगळे रिव्हेट नवे.

काम कसं होतं

१. रिव्हेटच्या मधली खिळ्याची काडी आधी पंचने आत ठोका. मग डोकं ड्रिलने कापा. ड्रिल हळू फिरवा, तेलाचा थेंब टाका. बिट न कापता नुसती घासत राहिली तर स्टेनलेस आणखी कडक होतो. रिव्हेट बिटबरोबर गरगर फिरायला लागला तर डोकं पकडीने धरा.

२. आत पडलेले तुकडे, डोलकाठीच्या टोकाचं बूच निघत असेल तर, बाहेर काढा. ते आत राहिले तर खुळखुळतात आणि गंजतात.

३. पांढरी भुकटी साफ करा. भोक लांबट झालंय का, कडेला तडा आहे का, ते उजेडात बघा.

४. ४.८ मिमी रिव्हेटला साधारण ४.९ मिमी भोक लागतं. भोक मोठं झालं असेल तर पुढच्या मापाचा रिव्हेट घ्या. रिव्हेटची लांबीही दोन्ही थरांच्या जाडीप्रमाणे निवडा.

५. रिव्हेट मोनेलचा किंवा चांगल्या स्टेनलेसचा. खिडकीचा अॅल्युमिनियम रिव्हेट इथे चालणार नाही. स्टील आणि अॅल्युमिनियमच्या मध्ये गंजरोधक पेस्ट लावा. रिव्हेटही पेस्टमध्ये बुडवून मारा.

६. मोनेल आणि स्टेनलेस ओढायला लांब दांड्याची, दोन हातांची गन लागते. एका हाताची छोटी गन त्यात दम तोडते.

तडा सापडला तर थांबा आणि मालकाला दाखवा. वेल्डिंगचा जुगाड नको. तापवलं की कडक केलेलं अॅल्युमिनियम तिथे मऊ पडतं. शर्यतीची होडी असेल तर फिटिंगची जागा मालकाला विचारल्याशिवाय बदलू नका. शर्यतीचे नियम कडक असतात.

आता पैशाचं बोलू

समजा एका फिटिंगला ४ रिव्हेट आहेत. काढणं, साफसफाई, तपासणी, नवे मारणं, ओढून बघणं, हे सगळं धरून दीड तास लागला. तुमच्या तासाचा दर ४०० रुपये धरला तर मजुरी ६०० झाली. रिव्हेट ३० रुपयाला एक, म्हणजे १२०. जाण्यायेण्याचे १५०. एकूण ८७० रुपये. यात पेस्ट, बिट आणि नफा अजून धरलेलाच नाही.

नगावर ५० रुपये लावले तर हातात आले २००. मालाचे आणि प्रवासाचेच २७० गेले. म्हणजे दीड तास राबून खिशातून ७० रुपये दिलेत! असा माणूस मग काय करतो? स्वस्त रिव्हेट घालतो, पेस्ट वाचवतो, तपासणी गाळतो. हे चोर असतात असं नाही. चुकीचा दर त्यांना तिथे नेऊन बसवतो.

तुम्ही म्हणाल, "सर, दर ऐकून गिऱ्हाईक पळेल." काही पळतील, हे खरं आहे. पण कोटेशनमध्ये दोन ओळी वेगळ्या लिहा: एक सामानाची, एक तपासणी आणि मजुरीची. काढलेले जुने रिव्हेट पिशवीत घालून मालकाच्या हातात द्या, भोकांचे फोटो दाखवा. लोकांना महाग वाटतं ते न दिसणारं काम. दिसलं की वाद कमी होतो.

अजून एक खरी गोष्ट. होड्या आपल्याकडे मोजक्याच आहेत, फक्त यावर घर चालणार नाही. हे तुमच्या चालू धंद्याला जोडकाम आहे. मुंबईत पावसाळ्यात या होड्या किनाऱ्यावर काढून ठेवतात आणि साधारण ऑक्टोबरपासून पुन्हा पाण्यात जातात. म्हणून काम मागायला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, जेव्हा डोलकाठ्या उतरवलेल्या असतात. सुरुवातीला फुकट तपासून देऊ नका. थोडे का होईना, तपासणीचे पैसे घ्या. फुकट सल्ल्याला किंमत नसते, आणि पुढे तोच तुमचा दर ठरतो.

छोटं गाव असो की मोठा क्लब, चार लोकांत नाव होतं ते एका वाक्याने: "त्याने बसवलेलं निघत नाही." ते वाक्य ५० रुपये नगाच्या दरात कमावता येत नाही.

तुमच्या धंद्यात असं कोणतं काम आहे, जे तुम्ही अजून नगावर विकताय आणि तपासणी फुकट देताय? खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच एकाचं कोटेशन आपण मिळून बनवू.