भांडणाला हसू, रुग्णाला आराम

अंथरुणाला खिळलेला रुग्ण ज्या घरात असतो, ते घर कुणाच्या तरी कामाचे ठिकाणही असते. मदतनीस बाई तेथे पगारावर राबतात, सूनबाई बिनपगारी. शिरपूर परिसरात घरभेटीला गेलो की रक्तदाब मोजण्याआधीच तक्रार कानी येते, "डॉक्टरसाहेब, बाईंनी दुपारी आजोबांची कूस बदललीच नाही." आतून उत्तर येते, "मला कुणी सांगितलं होतं?" वाद दोघींचा, पाठीवरची जखम मात्र आजोबांची.

अशा वेळी मला मुंबईचे डॉ. मदन कटारिया आठवतात. १३ मार्च १९९५ रोजी त्यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील बागेत पाच जणांसह हास्यमंडळ सुरू केले. आरंभी सारे विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, बोचरे सुरू झाले आणि मंडळी दुखावली. डॉक्टरांनी मंडळ मोडले नाही, विनोदच वगळले. कुणावरही न हसता, नुसते खेळल्यासारखे हसायचे, असे ठरले.

त्यातील दोन प्रकार आपल्या घरी उपयोगी आहेत. एकात समोरासमोर उभे राहून, शब्द न उच्चारता, तर्जनी नाचवत लटके भांडायचे व हसायचे. दुसऱ्यात स्वतःचे कान धरून हसत क्षमा मागायची. मदतनीस बाईंची पाळी बदलताना दोन मिनिटे हे करून पाहावे. आवाज निवळला की लगेच मुद्द्यावर यावे: कूस किती वाजता बदलली, कोणती गोळी दिली, पुढची केव्हा. ते खाटेजवळच्या वहीत लिहावे. हसण्याने जखम टळत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलल्याने टळण्यास मदत होते. हसण्याने फक्त बोलणे पुन्हा सुरू होते.

पथ्ये मात्र पाळावीत. कान आधी मालकिणीने धरावेत. पगार घेणाऱ्या बाईंना धरायला लावणे हा खेळ नव्हे, अपमान आहे. कुणाच्या बोलीची, अंगाची नक्कल नको. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासमोर हा खेळ टाळावा. आपल्यालाच हसतात, असे त्याला वाटू शकते. हर्निया, नुकतीच झालेली पोटाची वा डोळ्याची शस्त्रक्रिया, छातीत दुखणे किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असल्यास जोराने हसू नये. तोल जात असेल त्यांनी बसून हसावे.

आणि थकलेला पगार, नाकारलेली आखाजीची सुट्टी, रात्रीची अपुरी झोप यांवर हसू हा उतारा नव्हे. ते देणे आधी चुकते करावे. रुग्णाला कुणी मारले वा उपाशी ठेवले, तर तेथे खेळ नकोच. त्वरित दुसरी व्यवस्था करावी.

आज संध्याकाळी पाळी बदलताना, तक्रार ओठांवर येण्याआधी, आपला हात कानाकडे न्यावा. खाटेवरचे आजोबाही कदाचित हसतील.