दारू नव्हे, गॅस!



मागल्या महिन्यात आपल्या पाड्यावरचा एक पोरगा बोईसरच्या बाजूला एका कारखान्यात टाकी साफ करताना पडला. शिडीवरच कोसळला म्हणून वरच्या दोघांच्या हाताला लागला. ठेकेदाराचा मुकादम पहिल्यांदा काय बोलला? "दारू पिऊन आला होता." आदिवासी पडला की दारू! शेठ पडला तर त्याला चक्कर येते.

दवाखान्यात डॉक्टरने एकच विचारले, टाकीत काय होते? बरोबरच्यांना माहीत नाही. मुकादम म्हणे, "केमिकल होता." मग आमच्यातला एक परत गेटवर गेला आणि बाहेर फेकलेल्या रिकाम्या पोत्यावरची इंग्रजी अक्षरे पेनाने हातावर उतरवून आला. सोडियम सल्फाइड. त्याचा गाळ तळाला धरला होता. तो सुटावा म्हणून वरून अ‍ॅसिड ओतायला लावले आणि पोराला खाली उतरवले. तोंडाला रुमाल!

आमच्यातले दोघे बारावीपर्यंत शिकले म्हणून हे कळले. सल्फाइडवर अ‍ॅसिड पडले की हायड्रोजन सल्फाइड गॅस निघतो. शाळेत प्रयोगाला तो थोडासा काढतात, सडक्या अंड्याचा वास सुटतो, पोरं हसतात. टाकीत हसायचे काम नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाला बसतो. आणि फसवा किती, तर तो जास्त झाला की नाकच मरते, वास येईनासा होतो. माणसाला वाटते गॅस गेला, तेवढ्यात तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. रुमाल ओला असो की सुका, हा गॅस त्याने अडत नाही.

मालक म्हणतात, आदिवासी अडाणी, त्याला सांगून काय कळणार? कडू कंद कापून, उकडून, वाहत्या पाण्यात किती ठेवायचा हे आमच्या आयांना कळते. विष ओळखणे आम्हाला नवे नाही. पण रानातल्या विषाला पान असते, वेल असते. तुमच्या विषाला इंग्रजी चिठ्ठी, ती पण फाटलेली.

कायदा मात्र झोपलेला नाही, त्याला झोपवला आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला हजारो माणसे मेली. कारखान्यात काय साठवले आहे ते शेजारच्या वस्तीला कुणी सांगितले नव्हते. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायदा बदलला. २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याचे कलम ४१-ब म्हणत होते, धोक्याच्या कामाची माहिती कामगाराला द्या. कलम १११-अ म्हणत होते, कामगार ती मागू शकतो आणि थेट इन्स्पेक्टरकडे जाऊ शकतो. फलक बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेतही पाहिजेत, हे त्याचे कलम १०८ होते. गॅसच्या टाकीत उतरवायचे तर आधी तपासणीचा लेखी दाखला, नाही तर श्वासाचे साधन आणि कमरेला दोर, दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. हे कलम ३६ होते. "तो ठेकेदाराचा माणूस" ही पळवाट चालत नाही. १९७६ पासून ठेकेदारामार्फत आलेलाही कायद्याने कामगारच आहे.

आपल्यातलेच काही म्हणतात, आपण जमिनीसाठी लढतो, कारखान्याचे कशाला? अरे, एकसाली प्लॉटचा निकाल लागत नाही म्हणूनच पोरगा पहाटे गेटवर उभा राहतो ना? आणि कारखाना घरातही आला आहे. दिवाळीला ठेकेदार रिकामे निळे ड्रम वाटतो, आपण त्यात पाणी भरतो, तांदूळ ठेवतो. प्लॅस्टिकात मुरलेले केमिकल नुसते धुऊन निघत नाही. आमच्याच एका घरात असा ड्रम होता. लाज वाटते, पण खरे आहे.

येत्या बाजाराच्या दिवशी मीटिंग आहे. कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाने पोत्यावरचे, ड्रमवरचे नाव उतरवून आणायचे. वाचता येत नसेल तर कवटी, आग, हात, जे चित्र असेल ते काढून आणायचे. आम्ही मराठीत लिहून भिंतीवर लावू.

पोरगा घरी आहे, विहिरीपर्यंत गेला की धाप लागते. हजेरीपटात त्याचे नावच नाही म्हणतात. इन्स्पेक्टरकडे अर्ज करायचा आहे. त्या पाळीतल्या दोघांनी साक्षीला यावे, गाडीभाडे संघटना देईल.