ध्वनिरक्षण आणि भाषारक्षण

भाषा लिपिबद्ध झाली की ती सुरक्षित झाली, असा समज मराठीच्या अभ्यासक्षेत्रात खोलवर रुजलेला आहे. हा समज तपासून पाहण्यास त्र्यंबकेश्वरासारखे दुसरे ठिकाण नाही. कारण ब्रह्मगिरीच्या परिसरात मौखिक परंपरेची दोन अगदी भिन्न रूपे शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

त्यांपैकी पहिले रूप वेदपठणाचे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांतून एकेक शब्द उलटसुलट घोकला जातो. उदात्त, अनुदात्त व स्वरित यांतील चूक गुरू तेथल्या तेथे दुरुस्त करतो. या परंपरेचा युनेस्कोने २००३ साली गौरव केला. ध्वनिरक्षणाची याहून काटेकोर पद्धती क्वचितच आढळेल. तथापि या पद्धतीने राखला तो पाठ. त्या भाषेत कोणी बाजारहाट करीत नाही, की मुलाला रागे भरत नाही.

दुसरे रूप याच तालुक्यातील आणि पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी पाड्यांचे. कोकणा, वारली, ठाकर, कातकरी यांच्या भाषा बोलल्या जातात. पण त्यांच्यामागे ना पाठशाळा, ना प्रातिशाख्य. त्यांची ओळखही निश्चित नाही. ग्रीअर्सन यांच्या सर्वेक्षणातील १९०५ च्या मराठी खंडात वारलीला स्थान आहे. २०११ च्या जनगणनेत मात्र वारली आणि कोकणा ‘भिली/भिलोडी’ या गटात मोडतात. ‘बोली’ म्हणून मराठीने त्यांना स्वतंत्र अभ्यास नाकारावा आणि गणतीच्या वेळी त्या दुसऱ्याच घरी जाव्यात, ही स्थिती मराठी विभागांना भूषणावह नाही.

या भाषांची सामग्री विद्यापीठात येते ती ‘लोकसाहित्य’ म्हणून. थाळीवर मेणाने काडी उभी करून, तीवरून बोटे ओढीत काढलेल्या अखंड नादावर कोकणा कथेकरी कथा सांगतो. अशा कथेचा प्रबंधात अनेकदा केवळ प्रमाण मराठीतील सारांश उरतो. मूळ पाठ दिला तरी देवनागरीची मर्यादा आड येते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’चे दोन उच्चार प्रमाण मराठीही एकाच अक्षराने लिहिते; मराठी वाचकाला ते सवयीने कळतात. ज्या भाषेची सवय वाचकाला नाही, तिचे काय?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील द्वीपसमूहातील हैदा भाषेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. १८६२ च्या देवीच्या साथीने तो समाज उद्ध्वस्त झाला. पुढे निवासी शाळांनी मुलांच्या तोंडची भाषा काढून घेतली. १९००-०१ मध्ये जॉन स्वॉन्टन यांनी स्काय व गांडल या कथेकऱ्यांच्या कथा मूळ हैदात, त्यांच्या नावांसह उतरवून घेतल्या. हे मोठे कार्य होते. परंतु या संहितांमुळे भाषेची घसरण थांबली नाही. तिच्यातील अलिजिह्वीय आणि श्वासद्वाररंजित व्यंजने इंग्रजीवर वाढलेल्या जिभेला पुस्तकातून साधत नाहीत. म्हणून १९९८ पासून स्किडगेट येथे वृद्ध भाषकांनी एकत्र बसून शब्द, वाक्ये, उच्चार ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. २०१८ साली पडद्यावर आलेल्या हैदा चित्रपटातील नटांना आपल्याच पूर्वजांची भाषा शिकून घ्यावी लागली. तिचे अस्खलित भाषक आता अगदी थोडे आहेत.

त्र्यंबकेश्वराच्या पाड्यांवर अद्याप ही वेळ आलेली नाही, आणि म्हणूनच आजचा काळ मोलाचा आहे. अरुण जाखडे यांनी संपादिलेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने आदिवासी भाषांची दखल घेऊन पाया घातला. त्यावर उभारणी करणे हे विभागांचे काम आहे. आदिवासी वाङ्मयावरील प्रबंधात मूळ पाठ, कथेकऱ्याच्या संमतीने त्याचे नाव आणि ध्वनिमुद्रण अनिवार्य करावे. त्याची प्रत त्या गावातही राहावी. मात्र एवढ्याने भागणार नाही. राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय अपेक्षित आहे. आश्रमशाळेच्या पहिल्या इयत्तांत ती प्रत्यक्षात यावी, यासाठी मराठीच्या अध्यापकांनीच आग्रह धरला पाहिजे. २०२४ साली अभिजात दर्जा लाभलेल्या भाषेला तेवढे औदार्य जड जाऊ नये.

पाठशाळेने ध्वनी राखले, कारण शिकवणारा आणि शिकणारा समोरासमोर बसत राहिले. पाड्यावरील भाषेला हवी आहे ती हीच व्यवस्था. फरक इतकाच की तेथे राखावयाचा आहे तो पाठ नव्हे, मुलाचे रोजचे बोलणे.