अडचण कुठली, भीती कुठली? आधी दोन खाती वेगळी करा



या आठवड्याच्या व्हिडिओत एक विषय घाईघाईत उरकला. तो इथे नीट लिहितो, कारण त्यात चूक माझी पण आहे.

आपल्या मागच्या बॅचला एक ताई आल्या होत्या. हाताने भरतकाम करतात. काम असं की बघतच राहावं. स्वतःच्या नावाने साड्या विकायच्या, हे त्यांचं स्वप्न. मी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, "ताई, अडथळा फक्त तुमच्या मनात आहे."

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहतो. साडी पसरायला जागा नाही. ही जागा पण मनातच कमी आहे का?"

सगळे हसले, मी पण हसलो. पण रात्री दुकानाचं शटर ओढताना तेच वाक्य डोक्यात घुमत होतं.

माझं स्पष्ट मत सांगतो. 'लिमिटिंग बिलीफ' हा शब्द आम्ही ट्रेनर लोकांनी फार स्वस्त केलाय. समोरच्याकडे पैसे नाहीत, जागा नाही, घरच्यांची साथ नाही, तरी आम्ही सांगतो, विचार बदला. दुकानात उधारी आणि तोटा एकाच पानावर लिहिला तर हिशोब लागेल का? उधारी वसूल करता येते, तोटा सोसावा लागतो. तसंच अडचण वेगळी आणि भीती वेगळी.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नागराज मंजुळे. गाव करमाळा तालुक्यातलं जेऊर. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना लागतं, ते जेऊर. वडार समाजातलं गरीब घर. 'सिनेमा आपल्यासारख्यांचा नसतो' असं वाटायला एवढं पुरेसं होतं.

आता त्यांनी काय क्रमाने केलं, ते धंदेवाल्याच्या नजरेने बघा. आधी कविता. कवितेला भांडवल किती? वही आणि पेन. त्याच कवितांचा पुढे 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा संग्रह निघाला. मग अहमदनगरला मास कम्युनिकेशन शिकत असताना 'पिस्तुल्या' ही छोटीशी फिल्म. तिला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कामाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'फँड्री'. तो २०१४ मध्ये थिएटरात लागला, आणि त्यालाही पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार. मग २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट', १०० कोटींचा आकडा ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा. म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी मोठी. पहिल्याच दिवशी शोरूम टाकली नाही.

पण मला खरी शिकवण वेगळीच दिसते. 'फँड्री' बघितला असेल तर आठवा. जब्याची अडचण जातीची आहे. ती त्याच्या मनातली नाही, गावातली आहे. नागराज यांनी ती भिंत नाकारली नाही, 'पॉझिटिव्ह विचार करा' म्हणून झाकली पण नाही. सरळ पडद्यावर दाखवली. खरी अडचण खरी म्हणून मान्य केली.

मोडली ती भीती. 'आपलं गाव, आपली भाषा, आपले चेहरे सिनेमात चालत नाहीत' ही ती भीती. 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, करमाळा तालुक्यातलाच मुलगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'ची आर्ची, रिंकू राजगुरू, आपल्या अकलूजची. तेव्हा ती शाळेत होती. शूटिंगला करमाळ्याचं कमलाभवानीचं मंदिर आणि तिथली ९६ पायऱ्यांची विहीर. भाषा आपल्याकडची, जशीच्या तशी. जे कमीपणाचं वाटत होतं, तोच दुकानातला सगळ्यात भारी माल निघाला. पुढे त्याच सिनेमाचे कन्नड आणि हिंदी रिमेक झाले.

माझंच सांगतो. मला लहानपणापासून गोष्टी सांगायची हौस. बीबीए केलं, नव्या पेठेत दुकान सांभाळलं, पण व्हिडिओ करायचे हे डोक्यात होतंच. पहिले दहा-बारा व्हिडिओ मी अगदी पुस्तकी मराठीत केले. 'आज आपण पाहणार आहोत' वगैरे. वाटायचं, आपलं सोलापुरी ऐकून लोक हसतील. एक मित्र म्हणाला, "हे तू बोललालास का बातम्या वाचलालास बे?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. जुना मोबाईल, रस्त्यावरचा आवाज, दुकानातली गर्दी या माझ्या अडचणी होत्या. त्यासाठी मी सकाळी दुकान उघडायच्या आधी शूट करायला लागलो. भाषेची लाज ही भीती होती. ती एका व्हिडिओत गेली.

त्या ताईंना मी पुढच्या रविवारी परत बोलावलं. आधी माफी मागितली. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे अडचणी, उजवीकडे भीती. डावीकडे आलं: जागा नाही, दुपारचे दोनच तास मोकळे, हातात पैसा कमी. उजवीकडे त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. शेवटी एक ओळ लिहिली, 'पैसे मागायला लाज वाटते.' इतकी वर्षं नातेवाइकांना सगळं फुकटात करून देत होत्या.

जागेवर उपाय शोधला. साडी सध्या बाजूला. ब्लाउजच्या बाह्या आणि कुर्त्याचे गळे घ्यायचे, ते मांडीवर होतात. लाजेवर उपाय एकच होता: पुढच्या ऑर्डरला काम हातात घेण्याआधी भाव सांगायचा. त्यांनी सांगितला. समोरच्या बाईंनी थोडी घासाघीस केली आणि पैसे दिले.

दोन खोल्या अजून दोनच आहेत. साडीचं स्वप्न अजून लांब आहे, खोटं कशाला बोलू? पण आता अडचण किती मोठी आहे, ते ताईंना माहीत आहे.

तुम्ही पण आज रात्री गल्ला मोजून झाला की वहीत एक रेघ मारा. गाणं असो, चित्र असो, लिखाण असो. डाव्या बाजूला उपाय शोधा, त्याला वेळ लागेल. उजव्या बाजूची एक ओळ मात्र याच आठवड्यात खोडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.